तुळशीचं हिरवं तेल

१

लहानू पगारे चोर आहे हे तुम्ही आधी ठरवलंत आणि चोरी मागाहून शोधायला निघालात. साहेब, हे तुम्हालाच म्हटलंय. तुमचं नाव इथे लिहिलेलं नाही, कारण तुमच्या खुर्चीवरची माणसं बदलतात, खुर्चीची सवय बदलत नाही. पण ज्याला लागायचं त्याला बरोबर लागेल.

साल अठ्ठ्याहत्तर. नाशिकला गंगापूर रोडवर, वस्ती संपते तिथे, सुगंधी वनस्पतींचं एक लहानसं संशोधन केंद्र होतं. दवणा, मरवा, ओवा, तुळस असल्या वासाच्या पाल्याचं तेल काढायचं आणि ते कशाला उपयोगी पडतं ते शोधायचं, एवढंच तिथलं काम. इंदिरा बापट नावाच्या रसायनशास्त्राच्या बाई तुळशीच्या तेलामागे लागल्या होत्या. बाईंचं म्हणणं सरळ होतं. तूप खवट होतं ते हवेमुळे. हवेतला प्राणवायू त्याला हळूहळू खात जातो. त्यात तुळशीच्या तेलाचे थेंब घातले तर ते तेल मध्ये उभं राहतं, प्राणवायूचा मार स्वतः सोसतं आणि तूप टिकवतं. थोड्या तुपावर त्यांनी हे करून पाहिलं होतं आणि तूप खरंच टिकलं होतं.

हे मुंबईच्या मुख्य कचेरीत तुमच्या कानावर गेलं आणि तुम्ही गाडी घेऊन आलात. तुमच्यासमोर तांब्याच्या मोठ्या भट्टीत तुळस उकळली, वाफेबरोबर तेल आलं, तुमचे फोटो निघाले. बाटल्यांच्या दोन रांगा भरल्या. एकीत नुसतं तूप, दुसरीत तुळशीचं तेल घातलेलं. उबेच्या कपाटात त्या ठेवल्या आणि कपाटाला लाखेचं सील तुम्ही स्वतःच्या हाताने लावलंत.

पावसाळा सरताना तुम्ही परत आलात, या खेपेला पत्रकार घेऊन. सील फुटलं. नुसतं तूप थोडं उतरलं होतं, पण चालण्याजोगं होतं. तुळशीच्या तुपाचं पहिलं बूच काढलं आणि तुम्ही नाकाला रुमाल लावलात. दुसरी बाटली तशीच. तिसरीही तशीच. पूर्ण रांग खवट.

"तेल बदललंय कुणीतरी," तुम्ही म्हणालात. "तेल काढलं कुणी?"

तेल भट्टीवर काम करणाऱ्या लहानूने काढलं होतं. झालं, 'मग चोर तोच' म्हणालात आणि तपास तिथेच संपला. तुमची जीप भर दुपारी त्याच्या वसाहतीत गेली. वर्दीतल्या रखवालदाराने त्याच्या घरातली रॉकेलची बाटली हुंगली, त्याच्या बायकोची खोबरेल तेलाची बाटली हुंगली, आणि सगळी आळी दारात उभी राहून बघत राहिली. सापडलं काही नाही. तरी त्याच आठवड्यात लहानूने लिहून दिलं, 'तेल मी विकलं आणि त्या जागी दुसरं भरलं.'

२

लहानूच्याच वसाहतीतले सहादू गांगुर्डे नुकतेच निवृत्त झाले होते. सारी नोकरी त्यांनी भेसळ पकडण्याच्या खात्यात काढली होती, दुकानादुकानातून तूप, तेल, दूध हुंगत. वसाहतीत कुणी नवा डबा फोडला की आधी त्यांच्या नाकाखाली धरायचे. नाक तीक्ष्ण आणि जीभ त्याहून. लोक वचकून असत, पण अडलं की त्यांच्याकडेच येत.

एक दिवस सकाळीच लहानूची बायको सुलाबाई त्यांच्या ओट्यावर येऊन बसली.

"जयभीम, दादा."

"जयभीम. चहा घेशील?"

"चहाला नाय आले. ते विहारात येईनात."

सहादूंना कळलं. लहानूचा गळा चांगला होता. दर पौर्णिमेला वंदना तो सांगायचा आणि विहार त्याच्यामागून म्हणायचं. या पौर्णिमेला दुसऱ्याच कुणी सांगितली होती, आणि चालीत दोनदा अडखळली होती.

"कुणी काही बोललं का त्याला?"

"कुनी नाय बोललं. तेच तर. कुनी बोललं असतं तर भांडले तरी असते."

"चोरी केली का त्याने?"

सुलाबाईने मान वर केली. "आता तुमी पन इचारा."

"विचारणार. मी सगळ्यांना विचारतो. उत्तर दे."

"नाय केली."

"मग लिहून कशाला दिलं?"

"बापटबाई म्हनल्या, कबूल केलंस तर पोलीस येनार नाय आन नोकरी राहील. पोलीस नाय आले. नोकरी गेलीच. आता दिंडोरीला द्राक्षाच्या बागेत फवारनीला जातात. शनवारी येतात, सोमवारी जातात, घरात कुनाशी शब्द नाय."

सहादू म्हणाले, "कबुलीत तेल विकलं कुणाला, ते लिहिलंय का?"

"मी पन तेच इचारलं त्यांना," सुलाबाई म्हणाली. "म्हनले, साहेबांनी ते इचारलंच नाय."

३

ज्या चोराला माल कुठे गेला हे कुणी विचारत नाही, त्याच्याकडे माल नसतो. एवढं कळायला खात्यात नोकरी करावी लागत नाही. सहादू दुसऱ्याच दिवशी केंद्रावर गेले. बापटबाई त्यांना ओळखत होत्या. भेसळीचे नमुने तपासायला ते पूर्वी त्यांच्याकडेच आणायचे.

बाई खुर्चीत बसल्या होत्या, पण काम करत नव्हत्या. टेबल रिकामं होतं.

"लहानूसाठी आलात ना, गांगुर्डे? मला वाईट वाटत नाही असं समजू नका. मी त्याला भट्टीवर उभं राहायला शिकवलं."

"आणि कबुली द्यायलाही."

बाईंचा चेहरा उतरला. "साहेब पोलिसांत देणार होते. मी मध्ये पडले. मला वाटलं, कबूल केलं की समज देऊन सोडतील."

"त्याने चोरी केली असं तुम्हाला वाटलं, म्हणून ना?"

बाई उठल्या आणि खिडकीतल्या दोन बाटल्या घेऊन आल्या. एकीत फिकट पिवळं तेल, दुसरीत हिरवट.

"पिवळं आहे ते आधीचं, चांगलं. हिरवं आहे ते साहेबांच्या समोर काढलेलं. आता सांगा, वाफेबरोबर पानाचा हिरवा रंग कधी येतो का? तो खालीच राहतो. तुळशीचं तेल हिरवं होऊच शकत नाही. कुणीतरी पाला वाटून स्वस्तातल्या तेलात मिसळला, ही ओळखायची खूण आहे."

तर्क चोख होता. सहादूंनी बूच काढून हिरवं तेल हुंगलं. लवंगेसारखा तिखट वास सरळ डोळ्यात गेला आणि पाणी आलं. मग पिवळं हुंगलं. वास तोच, जोर तोच.

"बाई, यात दुसरं काही मिसळलेलं नाही. असतं तर वास पडला असता."

"तुमचं नाक हा काही पुरावा नव्हे."

"नाहीच. पण नाक पुरावा कुठे शोधायचा ते सांगतं. ही बाटली खिडकीत कधीपासून आहे?"

"साहेबांची पहिली भेट झाली तेव्हापासून. सगळा उन्हाळा इथेच होती."

सहादूंनी बाटली उन्हात धरली. पालेभाजीचा हिरवा रंग उन्हात टिकत नाही, बाजारात बसणारी कुठलीही बाई ते सांगेल. सगळा उन्हाळा खाऊनही हे तेल हिरवंच होतं. मग हा हिरवा पाल्याचा नव्हता.

आणि तेल अस्सल होतं, तर त्याने तुपाला वाचवायचं सोडून मारलं कसं?

४

भांडारातला भिकन सटाण्याकडचा. कपाटाची चावी त्याच्याकडे असायची, आणि चावीवरून कुणी विचारलं की तो आधीच हात जोडायचा.

"मना काय दोष शे, साहेब? मना हातमा फक्त चावी शे. सील तर मोठ्या साहेबांचं. ते फुटलं ते त्यांच्याच समोर."

"सील मध्ये कधी हललं होतं?"

"नाय. मी रोज बघायचो. आमच्या प्रमुखांचा, नानांचा हुकूम होता."

म्हणजे बाटल्या बदलल्या नव्हत्या. जे घडलं ते सील लागायच्या आधी घडलं होतं.

"पहिल्या भेटीच्या वेळी इथे काय काय झालं, ते सांग."

"काय नाय झालं ते विचारा," भिकन मोकळा झाला. "भिंतींना चुना, खिडक्यांना रंग, बागेत विटा पांढऱ्या. भाड्याच्या कुंड्या आणल्या. साहेब गेल्यावर कुंड्या परत. मना पायात बूट घातले, ते पण परत."

"लहानू काय करत होता?"

"तो नव्हता. सायखेड्याला बहिणीकडे दुखवट्याला गेलेला. आला तो साहेबांच्या सकाळीच, आणि तसाच भट्टीवर उभा राहिला."

केंद्राचे प्रमुख ढुंढिराज अग्निहोत्री यांना सगळे नाना म्हणत. त्यांचे भाऊ रामकुंडावर यात्रेकरूंची पूजा सांगायचे. नाना शिकून या खात्यात आले होते. मनाने वाईट माणूस नव्हता, पण वरून फोन आला की खुर्चीतून उठून उभा राहून बोलायचा.

"लहानूने केंद्राचं नाव घालवलं," नाना म्हणाले. "मी किती मेहनत घेतली होती. साहेबांचा निरोप होता, सगळं चकचकीत पाहिजे, फोटो निघणार आहेत. चिंच, मीठ, विटकर लावून बायका दोन दिवस घासत होत्या. भट्टी अशी लखलखीत केली की तोंड दिसावं. आमच्या घरच्या पूजेच्या भांड्यांनाही अशी चमक नाही. आणि त्यात याने काय शिजवलं, तर चोरी."

"नाना, तुम्हाला तेलाचा भाव माहीत आहे?"

"नाही बुवा."

"लहानूलाही नव्हता. मी त्याच्या बायकोला विचारलं. त्याला वाटायचं, हे तेल शिंपडून टाकतात."

नाना हसले नाहीत. सहादूही उठले. हाती काहीच लागलं नव्हतं, असं त्यांना तेव्हा वाटलं.

५

दिंडोरीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षांचे मांडव. छाटणी झाली होती, नवी फूट आली होती, आणि फवारणीचे पंप खांद्यावर घेऊन माणसं ओळीतून चालली होती. सहादू एस.टी.तून उतरून विचारत विचारत बागेत पोचले.

लहानू बांधावर एका पिंपात काठी घालून ढवळत होता. सहादूंना बघून त्याने काठी सोडली नाही.

"सुलाने पाठवलं ना?"

"मी आलो. तिचं नाव घेऊ नकोस."

"कशाला आला दादा? माझं झालं ते झालं."

"विहारात येत नाहीस."

लहानू ढवळत राहिला. "मी लिहून दिलंय की मी चोर हाय. चोराने पंचशील सांगायचं, आन लोकांनी मागून म्हनायचं. अदिन्नादाना म्हनताना माझं तोंड कसं उघडंल?"

न दिलेली वस्तू घेणार नाही, हे पाचातलं दुसरं शील. त्याच ओळीवर हा माणूस अडकला होता. सहादू पिंपाजवळ उकिडवे बसले. 

"त्या दिवशी भट्टीत काही वेगळं दिसलं का?" त्यांनी विचारलं.

"काय दिसनार. लखलखीत होती. आत बघितलं तर लालभडक, नव्या नवरीसारखी. मलाच बरं वाटलं."

"आत? नेहमी आत कशी असायची?"

"आत पांढुरकी असायची. ओशट, डागाळलेली."

लहानूने कपाळावरचा घाम पुसला. त्याच्या कपाळावर निळसर पट्टा उमटला. सहादूंची नजर त्याच्या हातांवर गेली. बोटं, नखं, मनगटं, सगळी निळी-हिरवी.

"हे काय आहे हाताला?"

"मोरचूद. चुन्यात कालवून वेलींवर मारतात. धुतलं तरी जात नाय, दादा."

मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. सहादूंनी त्याचा हात धरला आणि उन्हात वळवून पाहिला. हा हिरवा त्यांनी परवाच पाहिला होता, काचेच्या आतून.

६

"बाई, तेलात थोडं तेजाब घातलेलं पाणी टाका आणि हलवा," सहादू म्हणाले. "मग खालचं पाणी वेगळं काढून त्यात अमोनिया घाला."

बापटबाईंनी लगेच काचेच्या नळ्या काढल्या. काय शोधायचं ते त्यांना सांगावं लागलं नाही. नाना आणि भिकन दारात उभे होते.

आधी पिवळं तेल. अमोनिया पडला, पाणी तसंच राहिलं. मग हिरवं. अमोनियाचे थेंब पडले आणि नळीतलं पाणी निळं झालं.

"तांबं," बाई हळूच म्हणाल्या.

सगळे भट्टीच्या खोलीत गेले. भिकनने बॅटरी आत मारली. भट्टीचं पोट लाल होतं. फक्त कडेच्या सांध्यात, जिथे घासणाऱ्या बायकांचा हात पोचला नव्हता, तिथे कथलाची पांढुरकी रेघ उरली होती.

"ही कल्हई," सहादू म्हणाले. "आधी सगळीकडे होती. जुनी होती, पातळ झालेली होती, तरी होती. चिंच-मीठ-विटकरीने ती साफ निघाली. मग तुळशीची आंबट वाफ उघड्या तांब्यावर गेली आणि तेलाने तांबं उचललं. म्हणून ते हिरवं. लहानूने काही विकलं नाही आणि काही भरलं नाही. तेल तेच होतं, सोबत आलेलं तांबं जास्तीचं होतं. तूप का बिघडलं ते तुम्ही सांगा, बाई, ते तुमचं शास्त्र."

बाईंचा आवाज खोल गेला होता. "तुळशीचं तेल हवेला अडवतं. पण तांब्याचा नुसता अंश पुरतो, तो हवेला हात धरून तुपात घेऊन जातो. त्याच्यापुढे तुळशीचं काही चालत नाही. नुसत्या तुपाच्या रांगेत तांबं नव्हतंच, म्हणून ती राहिली." त्या भट्टीच्या कडेला टेकल्या. "कल्हई गेलेल्या पातेल्यात आई ताक ठेवू द्यायची नाही. कळकतं म्हणायची. मी रोज ऐकलंय ते. आणि माझ्या डोळ्यांना तेल हिरवं दिसलं, तेव्हा मला आईचं पातेलं आठवलं नाही. मला लहानू आठवला."

भिकनने बॅटरी विझवली.

नानांनी तोंडावरून हात फिरवला. "आतूनही घासा असं मीच म्हटलं होतं. बायका नको म्हणत होत्या. पूजेचं तांब्याचं भांडं आमच्याकडे आतून-बाहेरून घासतात, कल्हई करत नाहीत. मला वाटलं, आतला तो पांढरा थर म्हणजे मळ. स्वयंपाकघरात मी कधी गेलोच नाही, गांगुर्डे."

"चूक तुमच्या घरच्या सवयीची आहे, नाना," सहादू म्हणाले. "पण चकचकीत करा हा हुकूम तुमचा नव्हता."

बाईंनी तेवढ्यावर थांबायचं नाही असं ठरवलं. भट्टीला कल्हई करून घेतली, नव्याने तेल काढलं, नव्याने दोन रांगा लावल्या. थंडी सरून ऊन चढेपर्यंत नुसतं तूप उतरलं, तुळशीचं तूप ताजं राहिलं. बाईंचं म्हणणं पहिल्यापासून खरं होतं.

७

सगळा अहवाल तुमच्याकडे पोचला, साहेब. भट्टी, कल्हई, तांबं, निळं पाणी, नवे निकाल. नानांनी स्वतःची चूक कबूल करून सही केली. उभं न राहता केलेलं त्यांचं हे पहिलंच काम असावं.

तुमचं उत्तर आलं ते असं, की भांड्यांच्या देखभालीची सूचना योग्य असून ती सर्व केंद्रांना कळवण्यात येत आहे. लहानू पगारे यांच्याबाबत विचार करण्याचं कारण नाही, कारण त्यांनी गुन्हा स्वतः कबूल केला आहे.

तुळशीच्या तुपावरचं कौतुक मात्र तुम्ही घेतलंत. भाषणंही केलीत.

सहादूंनी ते उत्तर लहानूला दिंडोरीला जाऊन सांगितलं. दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही. लहानूने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे मी नाय केली, हे त्यांना कळलं?"

"कळलं."

"तरी मी चोर?"

"कागदावर."

"मग विहारात मी काय सांगू, दादा? की मी खोटं लिहून दिलं? ते पन एक शील मोडलंच ना." तो कडवट हसला. "दुसऱ्यातून सुटलो तर चौथ्यात अडकलो."

पुढच्या पौर्णिमेला बापटबाई एकट्याच बसने वसाहतीत आल्या. विहार कुठे आहे ते त्यांना रस्त्यात विचारावं लागलं. चपला काढून त्या मागे बायकांत बसल्या. वंदना झाल्यावर उठल्या. बोलायची सवय असलेल्या बाई, पण शब्द जुळेनात. शेवटी एवढंच म्हणाल्या, की लहानू पगारे यांनी चोरी केली नव्हती, कबुली मी द्यायला लावली, मी चुकले.

बायकांमधून सुलाबाई म्हणाली, "हे तुमी तवा का नाय म्हनल्या?"

बाईंनी हात जोडले. 

लहानू आत आला नव्हता. सहादूंनी त्याला ओढत आणलं होतं, तर तो दाराबाहेरच्या ओट्यावर बसून राहिला. बाईंचं बोलणं त्याने तिथून ऐकलं. सहादू बाहेर येऊन त्याच्याशेजारी बसले.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग चल आत."

लहानूने मान हलवली. "मला चोर बाईंनी नव्हतं म्हनलं, दादा. बाईंनी नुसतं ऐकलं होतं. म्हनलं दुसऱ्याने."

साहेब, म्हणालात तुम्ही. पत्रकारांच्या समोर, नाकाला रुमाल लावून म्हणालात. सहादूंनी तुम्हाला पुन्हा कळवलंय, नानांनी कळवलंय, बाईंनी नोकरीवर पाणी सोडायची तयारी दाखवून कळवलंय. यातल्या एकाला तरी तुम्ही शब्दाने विचारलंत का? लहानूची कबुली रद्द करायला एक ओळ पुरते, आणि ती ओळ लिहायचा अधिकार एकट्या तुमचा आहे. ती तुम्ही का लिहीत नाही? लहानू अजून दाराबाहेर बसलाय. बाई येऊन गेल्या. तुम्ही कधी येणार, ते सांगा.